मार्कचा आंधळा भिकारी आणि सकाळची वीस मिनिटं

लहानपणापासून दर रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शुभवर्तमानाचा उतारा कानावर पडायचा. शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. फादर त्यावर प्रवचन द्यायचे. चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असायचं, उरलेलं निम्मं घरी शिजणाऱ्या मटणाच्या वासात विरून जायचं. उतारे पाठ होते, कोण कुणाला काय म्हणालं ते सांगता यायचं, पण सोमवारी सकाळी विरार लोकलमध्ये चढताना त्यातलं काहीही बरोबर नसायचं. चाळिशी उलटल्यावर एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठी काढलेल्या शिबिरात, उतारा घेऊन शांत बसायला शिकले. जे जमलं आणि जे फसलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहितेय.

ख्रिस्ती घरात वाढलेले नसाल तरी चालेल. रेव्हरंड टिळकांना, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांना, नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, भेटला तो आगगाडीत, एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाकडून. डोंगरावरच्या प्रवचनापाशी, मत्तयच्या पाचव्या अध्यायात, ते अडकले आणि तिथून त्यांचं आयुष्यच वळलं. तुमचं वळलंच पाहिजे असा काही नियम नाही. मात्र अडकायची तयारी हवी.

ही पद्धत जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठातल्या दिनक्रमात अशा वाचनाला रोजचे तास राखून ठेवले होते. बाराव्या शतकात दुसरा ग्विगो नावाच्या मठाधिपतीने तिची चार पायऱ्यांची शिडी मांडली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं शांत राहणं. लॅटिन नाव लेक्सिओ दिविना, पण नावावर अडू नका. ग्विगोने ती समजावताना खाण्याचीच उपमा वापरली: घास तोंडात घेणं, चावणं, चव लागणं आणि शेवटी तो गोडवा. आपल्याकडे यासाठी आयता शब्द आहे, रवंथ. गाय आधी चरून घेते आणि मग झाडाखाली बसून तेच पुन्हा सावकाश चघळते. आपण बहुतेक जण चरण्यापाशीच थांबतो.

बसण्याआधी

एक बायबल, एक साधी वही, पेन आणि वीस मिनिटं. बायबल छापील असेल तर उत्तम. मोबाइलवर ॲप आहेत, सोयीची आहेत, लोकलमध्ये मीही वापरते, पण पहाटे मननाला मोबाइल घेतला की तिसऱ्या वचनाला (अध्यायातल्या क्रमांक दिलेल्या वाक्याला) कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब येतो.

भाषांतर कोणतं घ्यावं, हा प्रश्न हमखास येतो. बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं मराठी कुणाला जड जातं, तर कुणाला ते लहानपणापासून कानात बसलेलं असल्यामुळे तेच जवळचं वाटतं. सोप्या मराठीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेच ते. दोन्ही हाताशी असतील तर एकच उतारा दोन्हींत वाचून बघा. शब्द बदलला की आपण दचकतो, आणि ते दचकणं कामाचं असतं.

जागा आणि वेळ ठरलेली असावी. माझी जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं स्टूल, पहाटे पाच चाळीसला, कुकर लावायच्या आधी. देवघरासारखी जागा असावी असं मलाही वाटायचं. आमच्या वन बीएचकेमध्ये ते स्टूल मिळालं हेच पुष्कळ.

उतारा निवडताना

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट टेकेल तिथे वाचायचं, हा प्रकार कृपया नको. तो कौल लावणं झालं. वाचन ओळीने करावं. सोपा मार्ग म्हणजे चर्चच्या पंचांगाप्रमाणे त्या दिवसाचं किंवा येत्या रविवारचं शुभवर्तमान घेणं. कॅथॉलिक उपासनेत रविवारचे उतारे तीन वर्षांच्या चक्राने येतात. एक वर्ष मुख्यतः मत्तय, दुसरं मार्क, तिसरं लूक. योहान त्यांच्यामध्ये पेरलेला असतो, विशेषतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत). वर्षाची सुरुवात जानेवारीत होत नाही, नाताळच्या आधी चार रविवार आगमनकाळ लागतो तेव्हा होते.

पंचांगाची सवय नसेल तर मार्कपासून सुरू करा. चारांत तो सगळ्यांत छोटा, सोळाच अध्याय. एखाद्या रविवारी दुपारी सलग वाचून संपतो, आणि तसा एकदा वाचावाच, म्हणजे पुढे तुकडा हातात घेतल्यावर तो कुठून आला हे कळतं. रोजच्या मननाला मात्र पाच ते दहा वचनं पुरे. अख्खा अध्याय घेणारा माणूस आठवड्याभरात वही बंद करतो, हे मी माझ्याच पहिल्या वहीवरून सांगतेय.

आपण नमुन्यादाखल मार्क, अध्याय १०, वचनं ४६ ते ५२ घेऊ. यरीहोच्या वेशीवरचा आंधळा भिकारी बार्तीमय.

वाचन: दोनदा, आणि मोठ्याने

बसल्यावर लगेच वाचू नका. दोन-तीन श्वास सावकाश घ्या. क्रुसाची खूण करत असाल तर करा. मनात एवढंच म्हणा, 'प्रभू, तू बोल, मी ऐकतोय.' मग मोठ्याने वाचा. घरचे झोपले असतील तर पुटपुटत, पण ओठ हलले पाहिजेत. डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीच्या ओळींवरून घसरत जातो. जिभेला तसं करता येत नाही. गोव्यात फादर स्टीफन्सने येशूची कथा ओव्यांत बांधली, ती १६१६ मध्ये छापली गेली. ओवी ही मुळात म्हणायची आणि ऐकायची गोष्ट.

पहिल्या वाचनात फक्त घटना समजून घ्या. येशू शिष्यांसह आणि मोठ्या जमावासह यरीहोहून निघालाय. वाटेच्या कडेला तीमयाचा मुलगा बार्तीमय भीक मागत बसलाय. नासरेथचा येशू जातोय हे कळताच तो ओरडायला लागतो, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. लोक त्याला गप्प राहायला सांगतात. तो आणखी जोरात ओरडतो. येशू थांबतो आणि म्हणतो, त्याला बोलवा. लोक जाऊन त्याला सांगतात, धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतोय. तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तो म्हणतो, मला पुन्हा दिसावं. येशू म्हणतो, जा, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलंय. त्याला दिसू लागतं आणि तो त्या वाटेने येशूच्या मागे चालू लागतो.

दुसऱ्या वाचनात वेग निम्मा करा. एखाद्या शब्दावर पाय अडखळेल. तो शब्द छान असेलच असं नाही. कधीकधी तो खटकतो, राग आणतो. तिथेच थांबा आणि तो वहीत लिहा. पुढची वचनं कुठे पळून जात नाहीत.

मनन: कथेत उभं राहायचं

मनन म्हणजे डोळे मिटून उदात्त विचार करणं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते काम बऱ्यापैकी बारकाईचं आहे. येशूसंघाची स्थापना करणाऱ्या संत इग्नाशियसने शिकवलेली रीत नवख्या माणसाला सोपी जाते: प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा. धूळ, ऊन, गर्दीचा आवाज. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, खोलगट भागात आहे आणि यरुशलेम डोंगरावर. म्हणजे इथून पुढे सगळी चढण. बार्तीमयाला यातलं काही दिसत नाही. त्याला पावलं ऐकू येतायत, नेहमीपेक्षा जास्त पावलं, आणि कुणीतरी एक नाव घेतलंय.

मग उताऱ्याला प्रश्न विचारायचे. वस्त्र टाकून दिलं, एवढंच का सांगितलं असेल मार्कने? तो तर फार कमी शब्दांत लिहिणारा माणूस. मोशेच्या नियमशास्त्रात, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक नियम आहे: गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्यास्ताआधी परत कर, कारण अंगावर घ्यायला त्याच्याकडे तेवढंच आहे. म्हणजे बार्तीमयाने फेकला तो साधा अंगरखा नव्हता, रात्रीचं अंथरूण-पांघरूण होतं. आणि आंधळ्या माणसाने गर्दीत वस्तू फेकली तर ती पुन्हा सापडणार कशी? डोळे मिळायच्या आधीच त्याने ते फेकलंय. या एका जागेवर मी चार सकाळी बसले होते.

मागचं-पुढचं बघणंही मननाचाच भाग आहे. येशूचा तो प्रश्न, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे, हा मार्कमध्ये दहा-पंधरा वचनं आधी येऊन गेलाय. तिथे तो याकोब आणि योहान या खास शिष्यांना विचारलाय, आणि त्यांनी मागितलं काय, तर तुझ्या वैभवात एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. खुर्च्या! डोळस शिष्यांनी खुर्च्या मागितल्या आणि आंधळ्याने नजर मागितली. मार्कने हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवलेत ते उगीच नाही. आणखी मागे आठव्या अध्यायात बेथसैदाचा एक आंधळा आहे, त्याला एका झटक्यात दिसत नाही. आधी माणसं झाडांसारखी दिसतात, मग स्पष्ट. हे तपासायला ग्रंथालय लागत नाही. पानं उलटायचा कंटाळा तेवढा नको.

सगळ्यांत उपयोगी प्रश्न मात्र एकच: या कथेत मी कुठे उभी आहे? आपण ताबडतोब बार्तीमय होतो, कारण दुःख ज्याचं त्याला मोठंच असतं. पहिले दोन दिवस मीही त्याच्याच जागी बसले. तिसऱ्या दिवशी, पाच चाळीसला, मी वाचत असताना आतल्या खोलीतून सासऱ्यांची हाक आली. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे हाकही मोठी असते. मी तिथूनच म्हटलं, "बाबा, जरा गप्प राहा ना, प्रार्थना करतेय." आणि खाली पाहिलं तर बोट नेमकं अठ्ठेचाळिसाव्या वचनावर. त्याने गप्प राहावं म्हणून पुष्कळांनी त्याला दटावलं.

मग त्या जमावाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ते काही वाईट लोक नव्हते. येशूच्या मागे चालणारेच होते, त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणूनच दटावत असावेत. आणि येशू थांबल्यावर हाक पोचवायचं काम याच गर्दीकडे आलं. आत्ता ज्या तोंडाने गप्प म्हटलं, त्याच तोंडाने पुढच्याच वचनात धीर धर, ऊठ. येशूला स्वतः चार पावलं पुढे जाता आलं असतं. तो म्हणाला, त्याला बोलवा. ही तरतूद गर्दीसाठी आहे असं मला वाटतं.

प्रार्थना: घरच्या बोलीत

इथपर्यंत आलात की बोलायला विषय आपोआप मिळतो. जो शब्द अडखळला, त्यावरूनच देवाशी बोला. ठरावीक प्रार्थना नंतर म्हणता येतील. आमच्या वसईत सामवेदी, वाडवळी अशा बोली घरोघर आहेत, पण प्रार्थनेला बसलं की लोक एकदम छापील मराठीत शिरतात. हे कृपाळू परमेश्वरा वगैरे. ज्या भाषेत आईशी भांडलात, त्या भाषेत बोला. बार्तीमयानेही लांबण लावली नाही. तो येशूला म्हणतो, रब्बूनी, माझ्या गुरू. चारही शुभवर्तमानांत ही हाक आणखी एकदाच येते, पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या सकाळी, त्याची शिष्या मग्दालिया मरिया हिच्या तोंडी.

येशूचा प्रश्न स्वतःला विचारून घ्या आणि प्रामाणिक उत्तर द्या. मागणं क्षुल्लक असलं तरी चालेल. खुर्ची मागावीशी वाटत असेल तर तेही सांगून टाका. याकोब-योहानाला त्याने हाकलून दिलं नव्हतं.

मग दोन-तीन मिनिटं काहीच करू नका. न वाचता, न मागता बसा. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. कधी शांत वाटतं, बहुतेकदा कुकरची आठवण येते.

दिवसात काय न्यायचं

इथे बहुतेक जण घसरतात, कारण वहीत वाक्य उतरतं ते असं: आजपासून मी सगळ्यांशी प्रेमाने वागेन. हे वाक्य संध्याकाळपर्यंत टिकत नाही. त्यात माणूस नाही, वेळ नाही, कृती नाही. त्याऐवजी लिहा: आज कुणाशी, केव्हा, काय. 'संध्याकाळी घरी आल्यावर बाबांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसायचं आणि काय हवंय ते विचारायचं.' एवढंच. एक दिवस, एक गोष्ट, आणि ती केली की नाही हे हो किंवा नाहीमध्ये सांगता आलं पाहिजे.

मी गेले. शेजारी बसले. त्यांच्या कानाजवळ वाकून विचारलं, "बाबा, काय हवंय तुम्हाला?" मनातल्या मनात मी मोठ्या उत्तराची तयारी करून गेले होते, एकटेपणाबद्दल, आईंच्या आठवणीबद्दल. ते म्हणाले, "पंखा कमी कर. केव्हापासून सांगतोय."

पंखा कमी केला. कृती ही अशी असते.

शब्द दिवसभर बरोबर राहावा म्हणून एखादी जागा ठरवून ठेवा. माझी जागा म्हणजे वसईहून निघाल्यावर येणारा खाडीपूल. गाडी पुलावर आली की आवाज बदलतो, आणि सकाळचा शब्द आठवतो. तुमचं काही वेगळं असेल, सिग्नल, चहाची सुट्टी, भांडी घासायची वेळ.

रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं मागे वळून बघा. सकाळी ठरवलेलं झालं का? झालं नसेल तर का? शिव्याशाप नकोत, नुसतं बघायचं. इग्नाशियसचीच एक गोष्ट इथे कामाला येते. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो घरी पडून होता. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना त्याला मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की त्याची गोडी मागेही रेंगाळायची. विचार कसा वाटला यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरलं, हे तो बघायला लागला. दिवसाची तीच परीक्षा घ्या.

अडतं कुठे

मन भटकणार. घरभाडं, मुलांची फी, काल कोण काय बोललं. भटकल्याचं लक्षात आलं की शेवटचा आठवणारा शब्द मोठ्याने वाचा आणि पुढे चला. एकच चिंता रोज मध्ये येत असेल तर तिला हाकलू नका, तिलाच प्रार्थनेत घ्या. ओरडणाऱ्याला गप्प करण्याबद्दल उताऱ्यात काय आहे ते आपण आत्ताच पाहिलं.

काही सकाळी उतारा कोरडा ठणठणीत राहतो. उतारा बदलू नका, दुसऱ्या दिवशी तोच घ्या. नवीन माणसाने एका उताऱ्यावर तीन दिवस तरी काढावेत.

वाचलेलं दुसऱ्याला लागू करायचा मोह सगळ्यांत चिवट. हे वचन आमच्या जाऊबाईंनी वाचायला हवं, असं मनात आलं की समजायचं, गाडी रुळावरून उतरली. याहून गंभीर म्हणजे, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलंय हे वाक्य आजारी माणसावर उगारणं. तुझा विश्वास कमी पडला म्हणून गुण येत नाही, असं रुग्णाच्या उशाशी बसून बोलणारे लोक मी पाहिलेत. उताऱ्यात येशू हे वाक्य बऱ्या झालेल्या माणसाला सांगतो. न बऱ्या झालेल्याला टोचायला त्याने ते कुणाच्या हातात दिलेलं नाही. औषधं चालू ठेवा, डॉक्टरांकडे जा, आणि मननही करा.

चार-सहा जणांनी मिळून करायचं असेल तर एकच नियम पाळा: प्रत्येकाने आपल्याला अडलेला शब्द सांगायचा आणि इतरांनी त्यावर प्रवचन द्यायचं नाही. आमच्या गटात हा नियम पाळायला लोकांना वर्ष लागलं, त्यात मी सर्वांत शेवटची.

बार्तीमयावर आठवडा काढून झाला की पुढे लूक घ्या, अध्याय १०, वचनं ३८ ते ४२. येशू मार्था आणि मरिया या बहिणींच्या घरी येतो, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते आणि मार्था कामाने मेटाकुटीला येते. सगळे जण हा उतारा मरियेच्या शेजारी बसून वाचतात. तुम्ही एकदा स्वयंपाकघरातून वाचून बघा.